अरण्यातून बोलणारा निवेदक : वामन सरदेसाई

१९५५ हे साल नभोवाणीच्या श्रोत्यांना भरभरून देऊन गेले. एप्रिलपासून पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' घरोघरी पोहोचू लागले, मे महिन्यात इंदूरला माळव्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला सह्याद्रीच्या रानातूनही एक केंद्र बोलू लागले. त्याला इमारत नव्हती, पत्ता नव्हता आणि निवेदकांची नावे कोणालाही कळू द्यायची नव्हती. त्या निवेदकांपैकी एक वामन सरदेसाई.

पोर्तुगीज गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. १५ ऑगस्टच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने सीमा बंद केली आणि पणजीचे सरकारी रेडिओ केंद्र सालाझारशाहीची बाजू अहोरात्र ऐकवू लागले. त्याला उत्तर हवे होते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून प्रक्षेपक उभा राहिला. कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेर्दाद' अशा दोन नावांनी हे केंद्र चालले. आरंभी निकोलाव मिनेझिस सोबत होते. पुढे वामनराव आणि लिबिया लोबो या दोघांनीच ते वाहिले.

आधी आंबोली, मग कॅसलरॉक. आंबोलीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला तिथे यंत्रे कोरडी ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. प्रसारण जेमतेम काही वेळाचे; पण त्यामागे दिवसभर बातम्या टिपणे, सरकारी प्रचारातला खोटेपणा हेरणे आणि दोन भाषांत संहिता लिहिणे असे. जगातल्या वसाहती कशा स्वतंत्र होत आहेत, हे गोमंतकीयांना या केंद्रावरून कळे. ऐकणाऱ्यालाही दार लावून, आवाज बारीक करूनच ऐकावे लागे. असा श्रोता टिकवायचा तर त्याला एकही खोटी बातमी देऊन चालत नाही. आपल्या मते वामनरावांचे खरे निवेदनकौशल्य या विश्वासार्हतेत होते.

डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य सीमेवर येऊन ठेपले, तेव्हा गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरण यावे, हे आवाहन याच केंद्रावरून गेले. पोर्तुगीजांनी शस्त्रे ठेवल्यावर दोघांना ध्वनिक्षेपक बसवलेल्या विमानात बसवण्यात आले. सहा वर्षे रानात दडून बोललेला आवाज आता उघड्या आभाळातून गोवा मुक्त झाल्याची वार्ता सांगत फिरला.

मुक्तीच्या तिसऱ्या वाढदिवशी, १९ डिसेंबर १९६४ रोजी, वामनराव आणि लिबिया विवाहबद्ध झाले. पुढे वामनराव अंगोलात भारताचे राजदूत होते. तोही देश पोर्तुगालचीच जुनी वसाहत, १९७५ साली मुक्त झालेला. त्यांचे निधन १९९४ साली झाले.