जिवंतांची काळजी

मृत पूर्वजांच्या नावाने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्याची प्रथा अमेरिकेतील मॉर्मन पंथात १८४० पासून आहे. आपण पिंडदान करतो. दोन्हींकडे नास्तिकाने कसे पाहावे? उत्तर गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यात सापडते.

कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेल्या आगरकरांनी देव-परलोक मानले नाहीत. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून त्यांनी बालविवाह, केशवपन यांवर प्रहार केले. चिडलेल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. घरात मात्र यशोदाबाईंच्या देवपूजेला त्यांनी आडकाठी केली नाही. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवलेले होते. रूढीचा भार जिवंतांवर किती पडतो, एवढेच ते मोजत राहिले.