गर्भवतींच्या रक्ताचे कोडे उलगडणाऱ्या डॉ. ल्युसी विल्स

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव निघाले की प्लेगची लस आठवते. मात्र १९२८ मध्ये याच संस्थेत दाखल झालेल्या एका ब्रिटिश महिला डॉक्टरने गर्भवतींच्या रक्तावर केलेले संशोधन आजही जगभरातील माता व नवजात बालकांना तारत आहे. त्यांचे नाव डॉ. ल्युसी विल्स.

इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी मुंबईत अनेक गर्भवती स्त्रिया तीव्र रक्तक्षयाने दगावत. त्यांत गिरणी कामगार स्त्रियाही होत्या. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. मातामृत्यूंच्या चौकशीत सहभागी होण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना पाचारण केले.

हा विकार जंतुसंसर्गाचा की निकृष्ट आहाराचा, हा कळीचा प्रश्न होता. जंतूंचा पुरावा हाती लागला नाही. तेव्हा विल्स यांनी तळपदे या सहकाऱ्यासह मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. ज्यांचा आहार अधिक निकृष्ट, त्यांच्यात हा विकार अधिक, असे दिसून आले.

पुढे उंदरांना तसाच आहार देऊन प्रयोग झाले. उंदरांनाही रक्तक्षय झाला. पण त्यामागे उवांमुळे पसरणारा जंतुसंसर्ग असल्याचे नंतर उघड झाले. विल्स थांबल्या नाहीत. त्यांनी माकडांवर प्रयोग केले. यीस्टचा अर्क असलेल्या 'मार्माइट' या स्वस्त खाद्यपदार्थाने माकडे आणि रुग्ण स्त्रिया बऱ्या झाल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य 'विल्स घटक' म्हणून ओळखले जाऊ लागले. तेच पुढे फोलिक ॲसिड ठरले. गर्भधारणेपूर्वी व सुरुवातीच्या आठवड्यांत ते घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील अनेक जन्मजात दोष टळतात, हे १९९१ मध्ये ब्रिटनमधील चाचणीने सिद्ध केले.

रक्तातील एकाच खुणेवर विसंबून निदान करू नये, हा उंदरांच्या प्रयोगाने दिलेला धडा आजच्या नवजात शिशू विभागातही लागू पडतो. तान्ह्या बाळाला ताप आला आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाची शंका आली, की डॉक्टर रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि प्रोकॅल्सिटोनिन तपासतात. ही द्रव्ये वाढली, तर शरीरात दाह असल्याचे समजते. तो मूत्रमार्गातील जंतूंमुळे आहे का, हे मात्र लघवीच्या कल्चरशिवाय ठरत नाही.

डॉ. विल्स यांचे १६ एप्रिल १९६४ रोजी निधन झाले. गर्भवतींना आज सर्रास दिल्या जाणाऱ्या फोलिक ॲसिडच्या गोळीचा माग परळच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत जातो.