चिंतामण द्वारकानाथ देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी, १८९६ – २ ऑक्टोबर, १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री होते. ते सी.डी. देशमुख या नावाने ओळखले जात. अर्थकारणात नावलौकिक मिळवणाऱ्या देशमुखांचे विद्यापीठीय शिक्षण मात्र विज्ञानाचे होते.

बालपण व शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. त्यांचे घराणे रोह्याचे असून वडील वकील होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकल्यानंतर ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवी संपादन केली. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले.

विज्ञानाकडून प्रशासनाकडे

या यशानंतरही देशमुख विज्ञानाच्या क्षेत्रात राहिले नाहीत. त्या काळी केवळ लंडनमध्ये होणाऱ्या आय.सी.एस. परीक्षेस ते १९१८ साली बसले आणि पहिले आले. परंतु परकीय सरकारची चाकरी करावी की राष्ट्रकार्यास वाहून घ्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या सुमारास लोकमान्य टिळक चिरोल खटल्यानिमित्त लंडनमध्ये होते. देशमुखांनी त्यांची भेट घेतली. राज्यकारभाराचा अनुभव पुढे स्वराज्यात उपयोगी पडेल, या विचाराने टिळकांनी त्यांना सेवेत जाण्याचा सल्ला दिला व देशमुखांनी तो मानला.

मध्य प्रांत व वऱ्हाड

त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. वऱ्हाडातील यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे त्या वेळी याच प्रांतात मोडत. जमीनमहसूल हा तेथील कारभाराचा कणा होता. देशमुखांनी सेटलमेंट अधिकारी व डेप्युटी कमिशनर म्हणून काम केले. पुढे ते प्रांताच्या महसूल व अर्थ खात्यांचे सचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. सार्वजनिक अर्थव्यवहाराशी त्यांचा संबंध अशा रीतीने प्रत्यक्ष कारभारातून जुळला.

रिझर्व्ह बँक व अर्थमंत्रिपद

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताचे एक प्रतिनिधी होते. १ जानेवारी, १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा गव्हर्नरपदी तेच होते. १९५० साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९५५ साली इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले आणि १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

उत्तरायुष्य

राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. संस्कृतचा व्यासंग त्यांनी आयुष्यभर जपला. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. त्यांना १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.