लोकनायकांचे डायलिसिसवरचे दिवस

मार्च 1979 मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची वार्ता दिली आणि कामकाज तहकूब झाले. प्रत्यक्षात जयप्रकाशजी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते.

11 ऑक्टोबर 1902 रोजी सिताबदियारा येथे जन्मलेल्या या नेत्याचे महाराष्ट्राशी नाते जुने होते. नाशिकच्या तुरुंगात अहमदनगरचे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदी सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चांतूनच 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. 1942 मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून त्यांनी केलेले पलायन देशभर गाजले.

26 जून 1975 च्या पहाटे त्यांना अटक झाली. चंडीगढ येथील स्थानबद्धतेत प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबरात सुटका होऊन ते जसलोकमध्ये आले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. यंत्रासाठी सामान्य माणसांनी एकेक रुपया दिला; इंदिरा गांधी यांच्याकडून आलेली रक्कम मात्र त्यांनी परत पाठविली.

मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणारी द्रव्ये मेंदूवरही मळभ आणतात. झोपेचे चक्र बिघडते, विचार एकाग्र होत नाही. डायलिसिसने हे मळभ दूर होते. पण रक्तातील युरिया झपाट्याने उतरला, तर मेंदूतील युरिया तितक्या वेगाने उतरत नाही. परिणामी पाणी मेंदूच्या पेशींकडे ओढले जाते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आणि क्वचित झटके येतात. रक्तदाब उतरल्यास मेंदूचा रक्तपुरवठाही घटतो. त्याच दशकात अमेरिकेत काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, पुढे स्मृतीही गेली. डायलिसिसच्या पाण्यातील अ‍ॅल्युमिनियम मेंदूत साचत असल्याचे 1976 मध्ये पुढे आले. पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती सुधारल्यावर हा विकार दुर्मीळ झाला.

विचार आणि वाणी हेच ज्यांचे सामर्थ्य, त्या जयप्रकाशजींना ही कसरत जन्माची चिकटली. तरीही 1977 ची निवडणूक जाहीर होताच दोन उपचारांमधले दिवस त्यांनी प्रचाराला दिले. विस्कळीत विरोधी पक्ष एकत्र आले, सत्तापालट झाला. 24 मार्च 1977 रोजी राजघाटावर त्यांनी जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. त्याच वर्षी उपचारांसाठी ते सिएटलला गेले. 1960 मध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी बनवून दीर्घकालीन डायलिसिस शक्य केले, ते हेच शहर.

सत्तेवर आलेले सहकारी मात्र आपसांतील भांडणांत गुंतले. जुलै 1979 मध्ये सरकार कोसळलेले आजारी लोकनायकांना पाहावे लागले. 8 ऑक्टोबर 1979 रोजी, वयाची 77 वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस असताना, पाटण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. यंत्राने त्यांना जवळपास चार वर्षे दिली होती. त्यांतील पहिल्या दीड वर्षातच देशाचे राजकारण बदलले होते.