चुकणारा शेरलॉक आणि त्याला घडवणारा डॉक्टर



कथालेखनाचा तास घेतला की एक गोष्ट हमखास दिसते. पाचवीतल्या मुलांच्या गोष्टीतला नायक कधी चुकतच नाही. चोर येतो, नायक एका फटक्यात त्याला पकडतो, गावकरी हार घालतात, संपली गोष्ट. अर्धं पानसुद्धा भरत नाही. यात मुलांचा दोष नाही. थोरामोठ्यांची चरित्रं आपणच त्यांना धुऊनपुसून सांगतो. म्हणून या वेळी पाठासाठी मी असा लेखक निवडला, ज्याने जगातला सगळ्यात हुशार गुप्तहेर लिहिला आणि त्याला मुद्दाम चुकायला लावलं. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल.

आर्थरचा जन्म 22 मे 1859 रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. वडील चार्ल्स सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते, हात चित्रकाराचा होता आणि दारूचं व्यसन होतं. व्यसन वाढत गेलं, नोकरी गेली, पुढे त्यांना मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवावं लागलं. घर ओढलं ते आईने. मेरी डॉयल या बाई वाचनवेड्या होत्या. गोष्ट सांगताना भीतीच्या जागी आल्या की आवाज एकदम कुजबुजीइतका खाली आणायच्या. छोट्या आर्थरने कथनाचा पहिला धडा तिथे घेतला.

दुसरा धडा वसतिगृहात मिळाला. नातेवाइकांच्या मदतीने त्याला इंग्लंडमधल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत घातलं होतं. शिस्त फार कडक. सुट्टीच्या दिवशी हा डेस्कवर चढून बसायचा आणि खाली जमिनीवर बसलेल्या मुलांना गोष्टी सांगायचा, पण फुकट नाही. खाऊ मिळाला की गोष्ट पुढे सरकायची आणि ऐन रंगात आली की थांबायची. पुन्हा खाऊ, पुन्हा गोष्ट. कुठे थांबलं की ऐकणारा तळमळतो, हे या पोराला शाळेतच कळलं होतं.

1876 मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेला. तिथे डॉ. जोसेफ बेल हे शिक्षक भेटले. रोगी दारातून आत येईपर्यंत बेल त्याची चाल, हात, कपडे न्याहाळायचे आणि त्याचा धंदा, तो कुठून आला हे सांगून टाकायचे. एकदा एक माणूस आला. बेलनी ओळखलं की हा नुकताच सैन्यातून सुटलाय आणि बार्बाडोस बेटावर होता. कसं? माणूस आदबशीर होता, तरी त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. म्हणजे सैन्यातली सवय अजून गेली नव्हती. आणि त्याला हत्तीपाय झाला होता, जो ब्रिटनमध्ये नव्हे तर वेस्ट इंडीजकडे होतो. आधी थक्क करणारं उत्तर, मग त्याची साधी फोड. विद्यार्थी आधी अवाक व्हायचे आणि नंतर त्यांना वाटायचं, हे तर आपल्यालाही दिसत होतं. होम्सच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची सुरुवात पुढे याच साच्यात झाली.

शिक्षण चालू असतानाच आर्थर देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडे जाऊन आला. 1882 मध्ये पोर्ट्समथजवळ साउथसी इथे त्याने दवाखाना थाटला. रोगी थोडे, वेळ भरपूर. 1885 मध्ये लुईझा हॉकिन्सशी लग्न झालं. पुढच्या वर्षी त्यांनी 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही होम्सची पहिली कादंबरी लिहिली. दोन-तीन ठिकाणांहून हस्तलिखित परत आलं. शेवटी एका प्रकाशकाने सगळे हक्क फक्त 25 पौंडांना घेतले आणि 1887 च्या नाताळ अंकात ती छापली. पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यातली चित्रं काढली होती आश्रमात असलेल्या वडिलांनी, चार्ल्स डॉयल यांनी. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले.

आपल्याकडच्या वाचकांना गंमत वाटेल, होम्सचा सोबती डॉ. वॉटसन कादंबरीच्या पहिल्याच पानावर मुंबई बंदरात उतरतो. तो लष्करी डॉक्टर. त्याची पलटण तोवर अफगाणिस्तानच्या वाटेला लागलेली. तिथे मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते, पेशावरला विषमज्वर होतो आणि तो खंगून लंडनला परततो. स्वस्तात राहायला जागा हवी म्हणून होम्सबरोबर बेकर स्ट्रीटवर खोल्या घेतो.

आणि मग वॉटसन या नव्या सोबत्याची यादीच करतो. रसायनशास्त्र उत्तम, साहित्याचं ज्ञान शून्य, खगोलशास्त्र शून्य. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही या महाशयांना माहीत नाही! आपली तिसरीतली मुलं हे ऐकून खूश होतात. दुसऱ्या कादंबरीची, 'द साइन ऑफ फोर'ची, सुरुवात तर याहून कडू आहे. काम नसलं की होम्सला रितेपण सोसत नाही, म्हणून तो हातात कोकेनची सुई टोचून घेतो. त्या काळी हे औषध इंग्लंडमध्ये उघड विकत मिळायचं. वॉटसन डॉक्टर म्हणून त्याला समजावतो, होम्स ऐकत नाही. (पाचवीला मी हा भाग वगळते. आठवीला वगळू नये असं माझं मत आहे.) बऱ्याच वर्षांनंतरच्या एका कथेत वॉटसन सांगतो की त्याने होम्सला हळूहळू त्या सवयीतून बाहेर काढलं, पण ती सवय मेलेली नाही, झोपलेली आहे. व्यसनी माणूस जवळून पाहिलेल्या मुलाने लिहिलेली ही ओळ आहे, असं मला वाटतं. डॉयलनी वडिलांबद्दल चारचौघांत फारसं कधी बोललं नाही.

1891 मध्ये डॉयल डोळ्यांचे डॉक्टर व्हायचं म्हणून लंडनला आले. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन बसायचे, दुपारपर्यंत एकही रोगी यायचा नाही. त्या रिकाम्या वेळात त्यांनी एक हिशेब मांडला. तेव्हा मासिकांत कादंबऱ्या क्रमशः यायच्या. एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटे. सुट्या कथांत पुन्हा दर वेळी नवी माणसं. मग नायक तोच, पण गोष्ट प्रत्येक अंकात पूर्ण, असं केलं तर? जुलै 1891 पासून 'स्ट्रँड' मासिकात होम्सच्या कथा सुरू झाल्या आणि काही महिन्यांत डॉयलनी दवाखान्याचा नाद सोडला.

या कथांची रचना फळ्यावर काढता येते, मी काढतेच. कोणीतरी घाबरलेलं माणूस बेकर स्ट्रीटचा जिना चढून येतं. होम्स त्याच्याबद्दल दोन गोष्टी ओळखून दाखवतो. माणूस आपली अडचण सांगतो. होम्स जागा पाहून येतो, पोलीस भलत्याच वाटेने जातात, होम्स काहीतरी करतो पण काय ते सांगत नाही. मग उलगडा, आणि शेवटी शांतपणे फोड. घडलेल्या क्रमाने गोष्ट सांगायची नाही. गुन्हा आधी घडलेला असतो आणि आपण शेवटाकडून सुरुवातीकडे चालत जातो.

पण खरी मेख सांगणाऱ्यात आहे. गोष्ट होम्स सांगत नाही, वॉटसन सांगतो. जे होम्सला दिसतं ते वॉटसनलाही दिसतं, म्हणून आपल्याला सगळे पुरावे मिळतात. अर्थ मात्र त्याला लागत नाही, म्हणून रहस्य टिकतं. सांगणारा सोबती आणि हुशार नायक ही जोडी डॉयलच्या आधी, 1841 मध्ये, अमेरिकेच्या एडगर ॲलन पो यांनी लिहिली होती. डॉयलनी तो सोबती नुसता आरसा ठेवला नाही, मित्र केला. एका घरात राहणारा मित्र. त्यामुळे होम्सचा विक्षिप्तपणा, कौतुकाची हाव, उदास दिवस, चुका, सगळं आपल्याला कळतं. होम्सने स्वतः सांगितलं असतं तर यातलं काही कळलं नसतं. 1926 मध्ये डॉयलनी दोन कथा खरंच होम्सच्या तोंडून सांगून पाहिल्या. वाचून बघा, फिक्या वाटतात.

आता चुकांकडे. 'स्ट्रँड'मधल्या अगदी पहिल्या कथेत, 'अ स्कँडल इन बोहेमिया'मध्ये, आयरीन ॲडलर ही गायिका होम्सवर मात करून निघून जाते. पाचव्या कथेत, 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स'मध्ये, जिवाच्या भीतीने आलेल्या तरुणाला होम्स रात्री घरी पाठवून देतो आणि तो वाटेतच मारला जातो. विचार करा, नवी मालिका, पैशांची गरज, आणि पहिल्या पाच कथांत नायक दोनदा हरतो! आपण असतो तर संपादकाच्या भीतीने त्याला पाचही जिंकून दिल्या असत्या.

डॉयल स्वतःही धांदरट होते बरं का. वॉटसनची गोळी एका पुस्तकात खांद्याला लागलेली आहे, दुसऱ्यात पायाला. 'द स्पेकल्ड बँड' ही त्यांची स्वतःची सगळ्यात आवडती कथा, पण त्यातला भारतातून आणलेला साप बशीतलं दूध पितो आणि शीळ ऐकून दोरीवरून परत वर चढतो. नागपंचमीला आपण मुलांना साप दूध पीत नाही हे समजावतो, त्या दिवशी ही कथा फार उपयोगी पडते. चूक शोधा म्हटलं की मुलं लेखकाचीसुद्धा चूक शोधतात.

कथा अफाट गाजल्या, पण डॉयल कंटाळले. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. होम्सला मारून टाकावं असं त्यांनी 1891 मध्येच आईला कळवलं होतं, आईने साफ नकार दिला. 1893 मध्ये स्वित्झर्लंडमधला रायखेनबाख धबधबा पाहून आल्यावर मात्र त्यांनी ठरवलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारले, लुईझाला क्षयरोग असल्याचं कळलं आणि डिसेंबरमध्ये 'द फायनल प्रॉब्लेम' छापून आली. होम्स धबधब्यात पडला. हजारो वाचकांनी 'स्ट्रँड' बंद केलं. डॉयल दहा वर्षं हटले नाहीत. मध्ये 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' लिहिली तीही होम्सची जुनी आठवण म्हणून. 1903 मध्ये त्यांनी त्याला परत आणलं. एकूण कादंबऱ्या चार, कथा 56.

1906 मध्ये लुईझा गेली. त्या दुःखात असताना त्यांच्याकडे एक खरं प्रकरण आलं आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली गावात धर्मगुरू झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील. त्या भागात रात्री कोणीतरी जनावरांना भोसकत होतं आणि 1903 मध्ये जॉर्जला त्यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटला, पण डाग तसाच. डॉयल त्याला भेटायला हॉटेलात गेले. तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, तिरकं धरून वाचत होता. डोळ्यांच्या डॉक्टरला आणखी काय हवं? इतकी मंद नजर असलेला माणूस काळोख्या रात्री शेतं, कुंपणं ओलांडून जनावर कसा गाठणार? डॉयलनी लेख लिहिले. 1907 मध्ये जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र एक पैही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं, त्यामागे हे प्रकरणही होतं. पण खरा गुन्हेगार कोण, हेही आपल्याला कळलंय असं डॉयलनी धरलं आणि अपुऱ्या पुराव्यावर गावातल्या दुसऱ्याच एका माणसाकडे बोट दाखवलं. एकाला सोडवताना दुसऱ्याच्या बाबतीत तीच घाई.

शेवटची वर्षं शिकवायला अवघड आहेत. मृतात्म्यांशी बोलता येतं यावर डॉयलचा विश्वास बसला होता. मुलाच्या मृत्यूमुळे ते तिकडे वळले असं अनेकदा सांगितलं जातं, पण ओढ जुनी होती आणि 1916 मध्येच त्यांनी ती जाहीर केली होती. 1918 मध्ये थोरला मुलगा किंग्जली आणि 1919 मध्ये भाऊ इन्स गेला, मग तो विश्वास आणखी घट्ट झाला. 1920 मध्ये कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्यांनी खरे मानले आणि 'स्ट्रँड'मध्ये छापले, त्याच 'स्ट्रँड'मध्ये जिथे होम्स टोपीवरून माणूस ओळखायचा. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या. मुलींनी म्हातारपणी, 1983 मध्ये ते कबूल केलं. पऱ्यांची आकृती ज्या मुलांच्या पुस्तकातून घेतली होती, त्याच पुस्तकात डॉयलची एक कथाही होती. पुस्तक उघडून पाहायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचे वडील आश्रमात बसून पऱ्यांची चित्रं काढायचे, हे मला इथे सारखं आठवतं.

7 जुलै 1930 रोजी क्रोबरो इथल्या घरी त्यांचं निधन झालं.

वर्गात वाचायला एकच कथा निवडायची असेल तर 1893 मधली 'द यलो फेस' घ्या. नॉरबरी गावातला एक नवरा येतो. बायको काहीतरी लपवतेय, शेजारच्या घराच्या खिडकीत पिवळा चेहरा दिसतो. होम्स बसल्या जागी पूर्ण उलगडा सांगून मोकळा होतो. आपण इथे पुस्तक मिटायचं आणि मुलांना शेवट लिहायला द्यायचा. माझ्या वर्गात एकजात सगळ्यांनी होम्सला बरोबर ठरवलं. मग खरा शेवट वाचला. होम्सचा तर्क साफ चुकलेला असतो. खिडकीत गुन्हेगार नसून एक लहान मुलगी असते. परतल्यावर होम्स वॉटसनला सांगून ठेवतो की मी पुन्हा कधी फार शहाणपणा करू लागलो, तर माझ्या कानात फक्त नॉरबरी म्हण. आमच्या वर्गात आता फळ्यावर माझं शुद्धलेखन चुकलं की मागच्या बाकावरून हाच शब्द येतो.