बॅटरी नाही, तरी ठिणगी पडते : इंजिनाला विजेची ठिणगी देणाऱ्या रॉबर्ट बॉशची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव. कपाशीवर फवारणी करायची आहे आणि पेट्रोलवरचा पंप काही केल्या सुरू होत नाही. अशा वेळी पहिलं काम काय? प्लग काढायचा, काजळी पुसायची आणि दोरी ओढून ठिणगी पडते का ते बघायचं.

पण पंपात बॅटरी नसेल तर ही ठिणगी येते कुठून? उत्तर आहे मॅग्नेटो. आणि मॅग्नेटोला घराघरात पोचवणारं नाव म्हणजे रॉबर्ट बॉश.

बॉश यांचा जन्म १८६१ चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. १२ भावंडांत त्यांचा नंबर ११ वा. शिक्षण बारीक यंत्रकामाचं. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काम करून ते परतले आणि १८८६ मध्ये श्टुटगार्टमध्ये छोटं वर्कशॉप टाकलं. सोबतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या.

त्या काळी इंजिन पेटवणं म्हणजे डोकेदुखी होती. काही जण नळी बाहेरून बर्नरने लालबुंद तापवायचे. शेजारी पेट्रोल, त्यामुळे आगीची भीती. काही जण बॅटरी वापरायचे, ती मध्येच उतरायची.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाईकाने बॉश यांच्याकडे मॅग्नेटो मागितला. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरलं की वीज तयार होते, एवढंच त्याचं तत्त्व. शोध बॉश यांचा नव्हता, पण त्यांनी तो सुधारून बनवला. तरी धंदा लगेच चालला नाही. मंदीत बहुतेक कामगार कमी करावे लागले, घरच्यांच्या पैशांवर दुकान तगलं.

१८९७ मध्ये मॅग्नेटो मोटारगाडीच्या वेगवान इंजिनावर बसला. पण सिलिंडरच्या आत हलणारे भाग होते, ते झिजायचे. १९०२ मध्ये बॉश यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी तोडगा काढला. एकाच मॅग्नेटोत तारेची दोन वेटोळी. त्यातून इतका जास्त व्होल्टेज मिळाला की प्लगच्या दोन टोकांमधली फट ठिणगी स्वतःच ओलांडू लागली. आत हलणारं काहीच उरलं नाही.

यानंतर बॉश श्रीमंत झाले. १९०६ मध्ये त्यांनी कामगारांना आठ तासांची पाळी दिली. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या ऑर्डरींमधून नफा आला, पण युद्धाचा पैसा स्वतःकडे ठेवणं त्यांना पटलं नाही. त्यांनी तो लोकोपयोगी कामांसाठी दिला.

पुढचा काळ जास्त अवघड होता. हिटलर त्यांना मान्य नव्हता. त्यांनी ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून कंपनीत जागा दिली. पण त्याच कंपनीत युद्धसाहित्य बनत होतं, वेठबिगार राबत होते. ही बाजू वगळून त्यांची गोष्ट पूर्ण होत नाही. १२ मार्च १९४२ ला बॉश गेले. गोर्डेलर यांना १९४५ मध्ये फाशी झाली.

१९५१ मध्ये भारतात मायको, म्हणजे मोटार इंडस्ट्रीज कंपनी, सुरू झाली. तिचं बॉशशी नातं होतं आणि पुढे तिचं नावही बॉश झालं. नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आहे आणि शहरातला मायको सर्कल सगळ्यांना माहीत आहे.

आता पंप अडला आणि प्लग हातात घेतला, तर टोकाशी असलेली ती बारीकशी फट नक्की बघा. १९०२ पासून इंजिनाचं सगळं गणित तिथेच जुळतंय.