लॉर्ड बायरन : व्हिनेगर, वजन आणि एका कवीचे आयुष्य

सकाळी उपाशीपोटी ॲपल सायडर व्हिनेगर घेतले तर वजन उतरते का, असे अनेक रुग्ण विचारतात. दोनशे वर्षांपूर्वी प्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन हेही बारीक राहण्यासाठी व्हिनेगर घेत असत. त्यांचे आयुष्य पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर समजायला मदत होते.

व्यंग आणि वजनाची धास्ती

बायरन यांचा जन्म २२ जानेवारी १७८८ रोजी लंडनमध्ये झाला. उजव्या पायात जन्मजात व्यंग असल्याने ते लंगडत चालत. ही सल त्यांना आयुष्यभर राहिली. त्यातच त्यांचा बांधा स्थूल होता. त्या काळी लंडनमधील एका वाइन व्यापाऱ्याच्या दुकानात मोठ्या तराजूवर ग्राहकांची वजने करून वहीत नोंदवत. १८०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, बायरन यांचे वजन सुमारे ८८ किलो भरले. पुढच्या पाच वर्षांत ते पंचवीस किलोहून अधिक घटले.

त्यासाठी ते भरपूर घाम यावा म्हणून कपड्यांचे थर चढवून खेळत, गरम पाण्याने स्नान करत आणि अगदी थोडे जेवत. १८१२ मध्ये ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ या काव्याने ते रातोरात प्रसिद्ध झाले, पण वजनाची धास्ती गेली नाही. कधी बिस्किटे आणि सोडा वॉटर, तर कधी व्हिनेगर घातलेले बटाटे एवढ्यावरच ते भागवत. मग भूक अनावर झाली की भरमसाट खात आणि पुन्हा उपास व जुलाबाची औषधे सुरू करत. अशी लक्षणे आज दिसली तर डॉक्टर खाण्यासंबंधीच्या मानसिक आजाराची तपासणी करतील.

ग्रीसच्या स्वातंत्र्यलढ्यात मदत करायला गेलेले बायरन तेथे तापाने आजारी पडले. डॉक्टरांनी वारंवार रक्त काढल्याने अशक्तपणा वाढला आणि १९ एप्रिल १८२४ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या मृत्यूचा दोष व्हिनेगरला देता येणार नाही. मात्र त्यांचे वजन उतरले होते ते मुख्यतः उपासमारीने.

मग व्हिनेगरचा उपयोग काय?

ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असते. जेवणासोबत घेतल्यास जेवणानंतरची साखर थोडी कमी वाढू शकते. वजनावर मोठा परिणाम होतो, याचा भक्कम पुरावा नाही. कोशिंबीर, सॅलड, मांस मुरवणे किंवा झटपट लोणचे यांत एक-दोन चमचे वापरणे सर्वांत चांगले.

काळजी घ्या

- व्हिनेगर पाणी न घालता पिऊ नका. दातांचे आवरण झिजते आणि घसा व अन्ननलिकेची जळजळ होते.
- इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर किंवा पोटॅशियम कमी होण्याचा धोका असतो.
- ॲसिडिटी, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

घरातले कोणी वजनाच्या भीतीने जेवण टाळत असेल, लपून खात असेल किंवा जुलाबाची औषधे घेत असेल, तर रागावू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. या आजारावर उपचार आहेत. बायरन यांच्या काळात ते नव्हते.